जनुकांची दुरुस्ती आणि माणसाची सुधारणा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पहाडगंज येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सव म्हटला की नाट्यसंगीत आले, जुन्या सभासदांचा सत्कार आला, महिलांच्या पाककृतींची स्पर्धा आली. त्या मेळ्यात एक शास्त्रीय व्याख्यानही असावे असे कार्यकारिणीला वाटले, ह्याबद्दल आम्ही तिचे मनःपूर्वक आभारी आहोत. विषय शोधण्यासाठी आम्हाला दिल्लीबाहेर जावे लागले नाही. मथुरा रोडवर जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्था आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने सिद्ध केलेल्या एका उपचाराची घोषणा झाली. उपचार आहे सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक विकारावरचा. त्याचे नाव बिरसा मुंडा ह्यांच्या स्मरणार्थ 'बिरसा १०१' असे ठेवले आहे, आणि त्याचे तंत्र पुढील कामासाठी आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले आहे. दिल्लीची प्रयोगशाळा, पुण्याचा कारखाना, आणि रोगी पाहावेत तर विदर्भातले, नंदुरबारचे, धुळ्याचे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाने ज्याकडे कानाडोळा करू नये असा विषय ह्याहून दुसरा कोणता असेल?

हे तंत्र म्हणजे जनुकसंपादन. ते चालते कसे हे आधी पाहू, कारण त्याविषयी जी भीती आणि जी स्वप्ने पसरली आहेत, त्यांतली निम्मी तरी ते कसे चालते हे ठाऊक नसल्यामुळे पसरली आहेत.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचे एक अतिशय लांब सूत्र असते. ते ४६ गुणसूत्रांत गुंडाळून ठेवलेले असते. त्यावरचा मजकूर अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला आहे. एका मातेकडून किंवा एका पित्याकडून येणाऱ्या मजकुरात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. त्यांतील अर्थपूर्ण उतारे म्हणजे जनुके. माणसात ती सुमारे वीस हजार आहेत. एकेका जनुकावरून पेशी एकेक प्रथिन घडविते. ह्या मजकुराच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. आपल्या स्मरणिकेची मुद्रिते ज्यांनी रात्री जागून तपासली, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. बहुतेक मुद्रणदोषांनी अर्थ बिघडत नाही. एखाद्याने मात्र अर्थाचा अनर्थ होतो.

सिकलसेल हा असाच एका अक्षराचा अनर्थ आहे. रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन, त्याच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला सहावा दुवा बदलतो, कारण जनुकात 'ए' ह्या अक्षराच्या जागी 'टी' पडलेला असतो. एवढ्याने हिमोग्लोबिनचे कण प्राणवायू सोडल्यानंतर एकमेकांना चिकटतात, त्यांचे दोर बनतात, आणि एरवी वाटोळी व लवचीक असणारी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य वेदनांचे झटके येतात, प्लीहा निकामी होते, लहान मुले साध्या संसर्गानेही दगावतात. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच हा रोग होतो. एकाकडूनच आले तर तो माणूस वाहक असतो. तो धडधाकट असतो, आणि बहुधा आपण वाहक आहोत हे त्याच्या गावीही नसते. दोन वाहकांचा विवाह झाला, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारांत एक असते.

भारतात हा विकार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या परिसरातील लोकांत आढळला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचा आपला शोध 'लॅन्सेट' ह्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्याकडील शास्त्रज्ञांना हा रोग जवळजवळ सात दशके ठाऊक आहे. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी करणारे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांनीही ऐंशीच्या दशकात तेथे सिकलसेलची पाहणी केली होती. ती हकीकत डॉ. बंग ह्यांनीच पुढे प्रांजळपणे सांगितली आहे. पाहणी शास्त्रीयदृष्ट्या उत्तम झाली, परंतु ती गरज संशोधकांची होती; गावकऱ्यांच्या लेखी त्यांच्या दुखण्यांत तिचा क्रमांक फार खालचा होता. शास्त्राला जे महत्त्वाचे वाटते आणि लोकांना जे हवे असते, ते एक असेलच असे नाही. ही गोष्ट आपण मनाच्या एका कोपऱ्यात ठेवावी. पुढे तिची गरज पडेल.

आता कात्रीकडे वळू. तिचा शोध लागला तो माणसाच्या रोगांवर संशोधन करताना नव्हे, तर क्षुद्र जीवाणूंचा अभ्यास करताना. १९८७ साली जपानमध्ये ओसाका येथे योशिझुमी इशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका जीवाणूच्या डीएनएत एक चमत्कारिक मजकूर दिसला. तीच ती ओळ पुनःपुन्हा येत होती, आणि दोन ओळींच्या मध्ये दर वेळी निराळाच मजकूर होता. त्याचा अर्थ त्या वेळी कोणाला लागला नाही. पुढे स्पेनचे फ्रान्सिस्को मोहिका ह्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने पिच्छा पुरविला, तेव्हा उलगडा झाला, की मधला मजकूर हा जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंचा आहे. पोलिसठाण्यात अट्टल गुन्हेगारांची छायाचित्रे टांगलेली असतात ना, तसा हा प्रकार. २००७ मध्ये त्याचा निर्णायक पुरावा मिळाला, तो दही लावण्याच्या जीवाणूंत. दह्याचे आणि चीजचे विरजण तयार करणाऱ्या डॅनिस्को ह्या डॅनिश कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ज्या जीवाणूंनी विषाणूचे 'छायाचित्र' जपून ठेवले, ते त्या विषाणूला पुढे बळी पडत नाहीत. आपल्या आज्यांनी विरजण जपले, मोडू दिले नाही. त्या विरजणात असे रहस्य दडले असेल हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. ह्या पुनरावृत्त मजकुराला क्रिस्पर असे नाव पडले.

जीवाणू नुसते छायाचित्र टांगून स्वस्थ बसत नाही. त्यावरून तो आरएनएची एक छोटी प्रत काढतो आणि ती कॅस-९ नावाच्या प्रथिनाच्या हाती देतो. हे प्रथिन ती प्रत घेऊन पेशीत हिंडते, जुळणारा मजकूर दिसला की थांबते, आणि डीएनएचे दोन्ही धागे तोडते. विषाणूचा नायनाट होतो. २०१२ मध्ये फ्रान्सच्या एमान्युएल शार्पेंटिए आणि अमेरिकेच्या जेनिफर डाउडना ह्या दोन विदुषींनी दाखविले, की हातात दिलेली ती प्रत आपण बदलू शकतो. आपल्याला हव्या त्या वीस अक्षरांची प्रत करून दिली, की कात्री आपल्याला हव्या त्या ठिकाणी जाते. त्याबद्दल २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघींना मिळाले. डीएनए कापण्याच्या युक्त्या पूर्वीही होत्या. परंतु त्यांत प्रत्येक नव्या जागेसाठी नवे प्रथिन घडवावे लागे, आणि ते काम महिनोन्‌महिने चाले. आता केवळ वीस अक्षरांची चिठ्ठी बदलावयाची.

कापल्यावर काय होते? कात्रीचे काम तेथेच संपते. पुढचे काम पेशी स्वतः करते, कारण तुटलेला डीएनए सांधल्यावाचून तिला चैन पडत नाही. घाईने सांधताना एकदोन अक्षरे गळतात किंवा वाढतात, आणि ते जनुक निकामी होते. एखादे जनुक बंद पाडावयाचे असेल तर एवढे पुरते. नवा मजकूर घालावयाचा असेल तर सोबत नमुना द्यावा लागतो, आणि पेशी तो मान्य करील अशी आशा करावी लागते. २०१६ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड लिऊ ह्यांच्या प्रयोगशाळेने आणखी पुढचे पाऊल टाकले. दोन्ही धागे न तोडता एकच अक्षर रसायनाने बदलावयाचे. म्हणजे कात्रीऐवजी खोडरबर आणि पेन्सिल. ह्या सर्वांत एक मोठा धोका असा: चिठ्ठीवरच्या अक्षरांशी थोडाफार जुळणारा मजकूर दुसरीकडे असला, तर कात्री तेथेही चालू शकते. मथुरा रोडवरील आमच्या शास्त्रज्ञांचे कर्तृत्व नेमके येथे आहे. त्यांनी फ्रान्सिसेला नोविसिडा नावाच्या निराळ्या जीवाणूतील कॅस-९ घेतले. ते अधिक चोखंदळ आहे. एखादे अक्षर जुळत नसेल, तर ते सहसा कापीत नाही. ह्याच गुणाच्या आधारे २०२० च्या साथीत त्यांनी करोनाची कागदी पट्टीवरची चाचणी तयार केली आणि सत्यजित राय ह्यांच्या गुप्तहेरावरून तिचे नाव 'फेलूदा' ठेवले. शास्त्रज्ञांत बंगाली मंडळी असली की असे होते! मराठी मंडळी असती तर नाव कोणते ठेवले असते, ह्याचा विचार आपण घरी जाऊन करावा.

उपचाराची पद्धत ऐकली, म्हणजे हे प्रकरण किती जिकिरीचे आहे ते कळेल. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवरील जो पहिला जनुकसंपादनाचा उपचार मान्य केला, त्याचे नाव 'कॅसजेव्ही'. गंमत अशी, की त्यात मूळचे चुकलेले अक्षर कोणी दुरुस्तच करीत नाही. गर्भात असताना आपल्या सर्वांच्या रक्तात निराळे हिमोग्लोबिन असते, आणि त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बंद करते आणि प्रौढ हिमोग्लोबिन सुरू करते. जी कळ दाबून ते बंद होते, ती कळच शास्त्रज्ञांनी मोडून टाकली. म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. त्यासाठी रोग्याच्या रक्तातून मूळ पेशी काढून घ्यावयाच्या, प्रयोगशाळेत त्यांचे संपादन करावयाचे, मग तीव्र औषधे देऊन रोग्याच्या हाडांतील मगज रिकामा करावयाचा, आणि संपादित पेशी परत शरीरात सोडावयाच्या. ह्यात कित्येक महिने जातात, आणि त्यांतले काही आठवडे रोगी अक्षरशः काचेच्या खोलीत असतो. अमेरिकेत ह्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. एटापल्लीच्या किंवा धडगावच्या माणसाला हा आकडा सांगणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय. म्हणूनच देशी उपचाराचे मोल आम्हाला मोठे वाटते. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे, की घोषणा आणि दवाखान्यातील औषध ह्यांच्या मध्ये मानवी चाचण्यांचा लांब रस्ता असतो. तोवर हायड्रॉक्सियुरिया नावाची स्वस्त गोळी वेदनांचे झटके कमी करते. ती पुष्कळ रोग्यांपर्यंत पोहोचतच नाही, ह्याची बातमी मात्र होत नाही.

आणखी एक उदाहरण देऊन उपचारांचे प्रकरण संपवितो. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून एका तान्ह्या बालकाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या यकृतातील एका जनुकात दोष होता आणि रक्तात अमोनिया साठत होता. केवळ त्या एका मुलासाठी, त्याच्या एका अक्षरासाठी, सुमारे सहा महिन्यांत औषध तयार करण्यात आले आणि चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांतून ते थेट त्याच्या यकृतापर्यंत पोहोचविण्यात आले. मूल सुधारले. अशा कामापुढे आम्ही नतमस्तक होतो. आपल्या जवळ, पुसा येथेही ह्याच तंत्राने भाताचे वाण तयार झाले आहे. मे २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या जनुकसंपादित भाताच्या दोन वाणांपैकी 'पुसा डीएसटी राईस १' हे तेथले. त्याविषयी बोलावयास शेतकी शास्त्रज्ञ अधिक योग्य, म्हणून आम्ही पुढे जातो.

मग माणसाची 'सुधारणा' कोठून सुरू होते? रोग बरा करणे आणि निरोग्याला अधिक बलवान, अधिक उंच, अधिक बुद्धिमान करणे, ह्यांतली सीमारेषा कोठे आहे? ह्याच पहाडगंजात गेल्या गणेशोत्सवात आरती आटोपल्यावर एका तरुण पित्याने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "सर, ह्या तंत्राने मुलाची उंची वाढविता येईल का हो?" कडेवरचे मूल चांगले गुटगुटीत होते. आम्ही त्यांना जे सांगितले ते असे. एका अक्षराने होणारे रोग एका अक्षराने बरे करता येतील. परंतु उंची एका जनुकात नसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड पाहणीत, पन्नास लाखांहून अधिक लोकांचे डीएनए तपासून, उंचीशी निगडित अशा सुमारे बारा हजार जागा सापडल्या. त्यांतील बहुतेकींचा वाटा अगदी अल्प आहे. बारा हजार ठिकाणी कात्री चालविणे म्हणजे धोतराला बारा हजार ठिगळे लावणे. बुद्धीचे तर ह्याहून अवघड. तिची नेमकी व्याख्यासुद्धा अजून ठरलेली नाही. गर्भारपणात आईला मिळालेले अन्न, स्वच्छ पाणी, वेळेवर टोचलेल्या लसी, बरी शाळा ह्यांनी मुलाची उंची आणि समज जेवढी वाढते, तेवढी वाढविणारी कात्री आज कोठेही नाही.

तथापि ह्या उत्तरामागे लपून बसणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही गुण खरोखरच एका जनुकाच्या बदलाने येतात. फिनलंडचा एरो मंटिरँटा हा बर्फावरच्या शर्यतींतील ऑलिंपिक विजेता. त्याच्या घराण्यात एका जनुकातील बदलामुळे तांबड्या पेशी जन्मतःच अधिक होत्या, आणि त्यामुळे प्राणवायू अधिक मिळे. मायोस्टॅटिन नावाचे जनुक निकामी झालेले बेल्जियन ब्ल्यू जातीचे बैल आपण चित्रांत पाहिले असतील, पहिलवानासारखे दिसतात. रक्तातील चरबी जन्मभर कमी ठेवणारा एक बदल काही माणसांत निसर्गतःच असतो, आणि त्यांना हृदयविकार कमी होतो. त्याची नक्कल करण्याच्या मानवी चाचण्या सुरूही झाल्या आहेत. ते औषध आहे की सुधारणा? लस टोचतो तेव्हा आपण तरी निरोग्याला सुधारतोच की! तेव्हा सीमारेषा पुसट आहे हे मान्य करावे लागेल.

ह्याहून स्पष्ट अशी एक दुसरी रेषा आहे. प्रौढ माणसाच्या रक्तातले किंवा यकृतातले संपादन त्याच्याबरोबर संपते. गर्भाच्या पहिल्या पेशींत केलेले संपादन मुलाच्या साऱ्या शरीरात जाते, आणि त्याच्या मुलाबाळांत, नातवंडांत उतरते. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे जियानक्वी नावाच्या शास्त्रज्ञाने जाहीर केले, की आपण असे संपादन करून दोन जुळ्या मुली जन्माला आणल्या आहेत. त्यांना एड्सच्या विषाणूची बाधा होऊ नये म्हणून एक जनुक बंद पाडण्याचा प्रयत्न त्याने केला होता. त्याची गरज नव्हती, कारण पित्याकडून होणारी लागण टाळण्याचे साधे उपाय उपलब्ध होते. बदल नेमका हवा तसा झालाही नाही. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते, आणि विचारणे शक्यही नव्हते. पुढच्याच वर्षी त्याला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. आपल्या देशाने २०१९ च्या जनुकोपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत वंशपरंपरेने उतरणाऱ्या अशा बदलांना मनाई केली आहे. ती योग्य आहे असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण आपल्याला पुन्हा सिकलसेलमध्येच सापडते.

हा सदोष मजकूर निसर्गाने पुसून का टाकला नाही? इतका घातक दोष हजारो वर्षे टिकला कसा? १९४९ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी, जे पुढे भारतात येऊन भारतीय नागरिक झाले, अशाच एका रक्तविकाराविषयी तर्क केला होता, की त्याचे वाहक मलेरियापासून बचावत असावेत. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हे दाखवून दिले. एक प्रत सदोष असणाऱ्या मुलाला मलेरियाचा तीव्र झटका सहसा मारीत नाही. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतो, ते मलेरियाच्या रानात राहणाऱ्यांचे कवच होते. त्या काळी एखाद्या हुशार वैद्याच्या हाती ही कात्री असती आणि त्याने माणसाची 'सुधारणा' करण्याचे ठरविले असते, तर कदाचित त्याने हेच अक्षर सर्वांत घातले असते! सुधारणा ही जागेवर आणि काळावर अवलंबून असते. दिल्लीत जी सुधारणा, ती गडचिरोलीत अपाय ठरू शकते. आणि नातवंडांचे जग कोणते असेल हे आजोबांना ठाऊक नसते.

आता इतिहासाकडे पाहू, कारण उत्तम प्रजा निर्माण करण्याची हौस ही कात्रीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सुप्रजाजननशास्त्र हा शब्द मराठी मासिकांत सर्रास होता. प्रा. ना. सी. फडके ह्यांनी कादंबऱ्यांबरोबरच ह्या चळवळीचा पुरस्कार करणारे पुस्तकही इंग्रजीत लिहिले. काही विद्वानांनी तर जातिव्यवस्था हीच आपल्या पूर्वजांनी राबविलेली सुप्रजेची शास्त्रीय योजना होय, असे प्रतिपादन केले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. लाहोरच्या एका मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले, पण आयोजकांना न पेलल्यामुळे कधीच न झालेले ते भाषण. त्यात त्यांनी विचारले, की ही योजना जर उत्तम संततीची होती, तर दहांतले नऊ लोक लष्करात भरतीला अपात्र का ठरतात? भाषण न होताही इतके गाजते, हे पाहून आमच्यासारख्या व्याख्यात्याने काय बोध घ्यावा, ते असो.

दुसरे नाव इरावती कर्वे ह्यांचे. 'युगान्त' लिहिणाऱ्या म्हणून त्या आपल्याला परिचित आहेत. विसाच्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला आयगेन फिशर ह्यांच्या संस्थेत पीएच. डी. साठी गेल्या. संस्थेच्या नावातच मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजाजनन हे शब्द होते. कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेवरून युरोपीय वंशाची बौद्धिक श्रेष्ठता दिसून येते, अशी गुरूंची धारणा होती. शिष्येने कवट्या मोजल्या, आणि वंशाचा व विषमतेचा संबंध आढळत नाही असे लिहून मोकळी झाली. पदवी मिळाली. १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एका मराठी मुलीने परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूंच्या समोर आकड्यांना खोटे बोलू दिले नाही, ह्याचा आम्हाला विलक्षण अभिमान वाटतो.

तो काळ गेला, आता पालक आपापल्या मर्जीने निवड करतील, शासन सक्ती करणार नाही, असे म्हटले जाते. दिल्लीकरांना ह्या विधानाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. आणीबाणीतील नसबंदीचे दिवस आणि तुर्कमान गेट आमच्या पिढीला येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. आणि पालकांच्या मर्जीचे म्हणाल, तर ती कशी चालते हे आपण पाहिलेलेच आहे. सत्तरच्या दशकात ह्याच शहरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजल परीक्षा सुरू झाली. हेतू निर्मळ होता: गर्भातील जन्मजात व्यंग वेळीच ओळखावे. परीक्षेने मुलगा की मुलगी हेही कळते, असे लोकांच्या ध्यानात आले मात्र, आणि पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. शासकीय रुग्णालयांत ते थांबविण्यात आले, तेव्हा ते खाजगी दवाखान्यांत गेले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. कोणी सक्ती केली नव्हती. निवडीचे साधन हाती आले तेव्हा आपण काय निवडले, त्याचा हा हिशेब आहे. उद्या गोरा रंग निवडता आला तर? वधूवरांच्या जाहिराती आपण सर्वच वाचतो. त्यांत 'गोरी' हा शब्द अद्याप आढळतो. सुधारणेच्या बाबतीत आम्ही तंत्रज्ञांना भितो त्यापेक्षा दुप्पट जाहिरात देणाऱ्यांना भितो.

म्हणून ह्या तंत्राकडून आज काय मागावे? ज्या रोग्याला वेदना आहे, त्याची वेदना थांबवा, आणि ती त्याला परवडेल अशा रीतीने थांबवा, एवढेच. गडचिरोलीच्या गावकऱ्यांची गोष्ट येथे आठवावी: कोणत्या दुखण्याला आधी हात घालावयाचा हे दुखणाऱ्याला विचारले पाहिजे. ह्याचा अर्थ सुधारणेचा विचारच करू नये असा नव्हे. तो शास्त्रज्ञांनी करावा, कायदेपंडितांनी करावा, आणि आपल्यासारख्यांच्या मंडळांतूनही तो व्हावा.

शेवटी एक व्यवहाराची बाब. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. ते प्रामुख्याने आदिवासी जिल्ह्यांसाठी आहे. पण नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या, मूळच्या नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, अमरावती, नंदुरबार भागांतल्या कुटुंबांचे रक्त काही गाडीत बसताना बदललेले नाही. हा रोग अमुकच जातीचा, असे समजून कोणी स्वतःला वगळू नये. आपले शेजारी जे पंजाबी व सिंधी बांधव, त्यांच्यात थॅलसेमियाचे वाहक पुष्कळ आहेत; आणि आता आपल्या घरांत त्यांच्या लेकी-सुना आहेत. सिकलसेलचे जनुक एका बाजूने आणि थॅलसेमियाचे दुसऱ्या बाजूने आले, तरीही अपत्याला गंभीर रोग होऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दोन्हींसाठी रक्ताची एकच तपासणी पुरते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी ती तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. ती लग्न ठरण्याच्या आधी, किंवा निदान मूल होण्याच्या आधी करावी. वाहक निघाला म्हणून मुलगी नाकारू नये, मुलगाही नाकारू नये. वाहक हा रोगी नव्हे. दोघेही वाहक असतील तर डॉक्टरांशी बोलावे, मार्ग असतात. पत्रिकेतले छत्तीस गुण जुळवून पाहण्यास आमची हरकत नाही, त्यांच्या शेजारी हा सदतिसावा कागद ठेवावा.

चहापानानंतर आम्ही व्यासपीठाजवळच थांबणार आहोत. ज्यांना सर्वांसमोर विचारणे अवघड वाटेल, त्यांनी तेथे येऊन विचारावे.